नाव कोणी कोणाला सांगावे?



इंटरनेटवरच्या निनावीपणाशी युनियनच्या माणसाचा काय संबंध, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. संबंध आहे, आणि तो सांगण्यासाठी मी रंगाच्या डब्याच्या एका झाकणापासून सुरुवात करणार आहे.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यात कामगारांसाठी पिण्याच्या पाण्याचा नळ नव्हता. उन्हाळ्यात माणसे घरून बाटली आणीत, ती दुपारच्या आत संपे. अर्ज लिहून तयार झाला, पण सही करायला कोणी पुढे होईना. याआधी दोनदा असे अर्ज गेले होते आणि दोन्ही वेळा ज्याची सही सर्वांत वर, त्याला महिन्याभरात कामावरून कमी केले होते. पहिली सही ज्याची तो पुढारी, असा साहेबांचा हिशेब. तेव्हा एक वयस्क फिटर उठला. त्याने रंगाच्या मोठ्या डब्याचे झाकण कागदावर ठेवले, कडेने पेन्सिल फिरवली आणि म्हणाला, "ह्या गोलावर सह्या करा. पहिला कोण ते साहेबालाच हुडकू दे." एकवीस सह्या झाल्या. नळ आला आणि नोकरी कोणाचीच गेली नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आले, की इंग्लंडच्या आरमारातले खलाशी आपल्या तक्रारअर्जावर अशाच गोल सह्या करीत. कारण पहिला सही करणारा बंडाचा म्होरक्या ठरे. आमच्या फिटरने ते वाचले असण्याचा संभव नाही. गरज तीच होती, म्हणून युक्तीही तीच सुचली.

त्या अर्जात नावे सर्वांची होती, हे ध्यानात ठेवावे. लपले होते ते एवढेच, की आरंभ कोणी केला. म्हणजे नाव सांगणे आणि न सांगणे यांच्या मध्ये पुष्कळ पायऱ्या आहेत. आज इंटरनेटवरच्या नावांबद्दल जो वाद चालतो, त्यात एक पक्ष म्हणतो की प्रत्येकाने आधारकार्डासह बोलावे. दुसरा म्हणतो, कोणीच कोणाला काही विचारू नये. दोघेही या पायऱ्या मोजीत नाहीत.

पहिल्या पक्षाचे आवडते वाक्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे: कर नाही त्याला डर कशाला? घरात, पोलीस चौकीत, कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात मी ते ऐकलेले आहे. त्याला उत्तर म्हणून मी एक जुनाच वाद सांगतो. इंग्लंडमध्ये १८७२ पर्यंत मतदान उघड होते. मतदार सर्वांदेखत उमेदवाराचे नाव घेई, ते वहीत लिहिले जाई, आणि पुष्कळ ठिकाणी त्या वह्या छापून विकल्याही जात. घरमालकाला कळे, गिरणीमालकाला कळे. १८३८ साली चार्टिस्ट कामगारांनी ज्या सहा मागण्या मांडल्या, त्यांत गुप्त मतदान ही एक होती. याला विरोध कोणी केला? सरदारांनी केला, त्यात नवल नाही. पण जॉन स्टुअर्ट मिल यांच्यासारख्या स्वातंत्र्याच्या कैवाऱ्यानेही १८६१ च्या आपल्या ग्रंथात विरोध केला. मत ही खाजगी मालमत्ता नव्हे, तो एक विश्वस्ताचा अधिकार आहे. तो चारचौघांत वापरावा आणि त्याची जबाबदारी घ्यावी, असे त्यांचे म्हणणे. वाक्य मोठे उदात्त आहे. परंतु ज्याची खोली मालकाची आणि मजुरीही मालकाची, त्याने ही जबाबदारी कशी घ्यावी, याचे उत्तर मिलसाहेबांच्या युक्तिवादात मला सापडले नाही. १८७२ चा कायदा चार्टिस्टांच्या बाजूने झाला.

आपल्याकडे मतदान केंद्राच्या दारात नाव मोठ्याने पुकारतात, यादीत खूण करतात, बोटाला शाई लावतात. इथे निनावीपणाला जागा नाही. चार पावले पुढे पडद्याआड मात्र नाव संपते. एकाच खोलीत माणूस पूर्ण ओळखीचा आहे आणि पूर्ण निनावीही आहे. कोणी काय पाहावे एवढीच वाटणी केलेली आहे. ही वाटणी हाच माझ्या म्हणण्याचा गाभा आहे.

टोपणनावांची परंपरा तर आपल्याच घरची. सरकारी नोकरीत असलेल्या गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात 'लोकहितवादी' या सहीने शतपत्रे लिहिली. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' निघाले तेव्हा ही 'विभावरी शिरूरकर' कोण, याचा शोध साऱ्या महाराष्ट्रात सुरू झाला. पुस्तकात काय लिहिले आहे यापेक्षा लिहिणारी कोणाची कोण याचीच उत्सुकता अधिक. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. शिकलेल्या अविवाहित मुलीच्या मनातले त्यांनी लिहिले होते. स्वतःचे नाव घालून ते त्या वेळी लिहिता आले असते काय, याचा विचार आपणच करावा.

आता मुख्य विषयाकडे येतो. इंटरनेटवर माणूस निनावी असतो, ही समजूतच मुळात कच्ची आहे. मी संगणकाचा जाणकार नव्हे. मला जसे समजले तसे टपालाच्या भाषेत सांगतो. आपला फोन काहीही मागवतो तेव्हा उत्तर कोठे पाठवायचे याचा पत्ता, एक आकडा, त्याबरोबर जातो. तो आकडा कोणत्या क्षणी कोणत्या गिऱ्हाइकाला दिला होता याची नोंद मोबाइल कंपनीकडे राहते, आणि सिमकार्ड घेताना आपण ओळखीचा पुरावा दिलेलाच असतो. म्हणून ज्याने 'वाघ' किंवा 'देशभक्त' असे नाव घेऊन शिवीगाळ केली, तो शेजाऱ्याला निनावी असेल. कंपनीला आणि तपास करणाऱ्या पोलिसाला बहुधा नसतो. आपल्या देशात सायबर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सरकारी संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये आणखी एक हुकूम काढला. पत्ता झाकून देण्याचा धंदा करणाऱ्या, म्हणजे व्हीपीएन पुरवणाऱ्या, कंपन्यांनी गिऱ्हाइकांची नावे निदान पाच वर्षे जपून ठेवावीत, असा तो हुकूम. त्यानंतर काही परदेशी कंपन्यांनी भारतातली आपली यंत्रेच हलवली.

व्हॉट्सॲपवरचा मजकूर एप्रिल २०१६ पासून बंद लखोट्यासारखा जातो. कुलूप पाठवणाऱ्याच्या फोनवर लागते, घेणाऱ्याच्या फोनवर उघडते. मधल्या कंपनीला आत काय आहे ते वाचता येत नाही. पण लखोट्याचा बाहेरचा भाग उघडा असतो. कोणी कोणाला, किती वाजता, किती वेळा पाठवले, हे कंपनीला कळू शकते. संपाच्या आदल्या रात्री एकाच माणसाच्या फोनवरून चाळीस जणांना निरोप गेले, एवढे कळल्यावर आतला मजकूर वाचण्याची गरज कोणाला आहे? बाहेरचा पत्ताही झाकायचा, तर 'टॉर' नावाची एक व्यवस्था आहे. तिची मूळ कल्पना अमेरिकेच्या आरमाराच्या संशोधनशाळेत १९९० नंतरच्या दशकात निघाली. एका लखोट्यात दुसरा, दुसऱ्यात तिसरा घालायचा आणि तीन ठिकाणांहून तो फिरवायचा; प्रत्येक ठिकाणी एकच वेष्टण निघते, त्यामुळे कोणत्याही एका टपालवाल्याला पाठवणारा आणि घेणारा दोघेही ठाऊक होत नाहीत. तरीही जो दोन्ही टोकांवर पाळत ठेवू शकतो, त्याला वेळेचा मेळ घालून तर्क करता येतो. हेरांना आपली माणसे लपवण्यासाठी सामान्य माणसांची गर्दी लागते, म्हणून ही वस्तू सर्वांसाठी खुली करावी लागली, ही त्यातली गंमत.

नाव काढून टाकले तरी माणूस शिल्लक राहतो, याचे एक उदाहरण फार बोलके आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने आपल्या नोकरांच्या आजारपणाच्या नोंदी संशोधकांना दिल्या. नावे व पत्ते काढले होते. जन्मतारीख, स्त्री की पुरुष, आणि पिनकोड तेवढे ठेवले होते. राज्यपाल विल्यम वेल्ड यांनी लोकांना भरवसा दिला की यात धोका नाही. तेव्हा लतान्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीने २० डॉलरला केंब्रिज गावाची मतदारयादी विकत घेतली. राज्यपालांच्या जन्मतारखेचे त्या गावात सहा जण निघाले, त्यांत पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनकोडमध्ये फक्त एक. म्हणजे खुद्द राज्यपालांचेच आजारपण तिच्या हाती आले. पुढे २००० साली तिने गणित मांडून दाखवले, की एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसे एकेकटी ओळखता येतील. आपण दुकानात, सोडतीच्या कुपनावर, दवाखान्याच्या वहीत ही तीन उत्तरे सहज देऊन टाकतो.

मग सर्वांनी खऱ्या नावाने लिहावे असा कायदा केला तर शिवीगाळ थांबेल काय? हा प्रयोग दक्षिण कोरियाने करून पाहिला आहे. निनावी निंदेने लोक तिथे खरोखरच त्रासले होते, आणि म्हणून सरकारचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. जुलै २००७ पासून दिवसाला तीन लाखांहून अधिक लोक येतात अशा संकेतस्थळांवर लिहिण्याआधी प्रत्येकाने आपली ओळख पटवून द्यावी, असा नियम झाला. २००९ मध्ये ती मर्यादा एक लाखावर आणली. ओळख पटवायची ती मुख्यतः सरकारी रहिवासी क्रमांकावरून. परिणाम असा झाला, की कंपन्यांच्या कोठारात साऱ्या देशाची नावे आणि क्रमांक गोळा होऊन बसले. जिथे कोठार तिथे उंदीर! जुलै २०११ मध्ये एका मोठ्या कंपनीचे कोठार फुटले आणि साडेतीन कोटी खात्यांची माहिती चोरीस गेली. त्या देशाची लोकसंख्या सुमारे पाच कोटी. २३ ऑगस्ट २०१२ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने एकमताने हा नियम रद्द केला. नियमामुळे बेकायदा मजकूर लक्षणीय घटल्याचे दिसत नाही, लोक परदेशी संकेतस्थळांकडे वळले, आणि भाषणस्वातंत्र्याचा संकोच मात्र झाला, असे न्यायालयाने म्हटले. शिवी देणारा पुष्कळदा आपल्या नावाने शिवी द्यायला लाजत नाही, हा अनुभव आपल्याकडेही कोणाला नाही?

याची दुसरी बाजू मी टाळणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षा मागत गावोगाव फिरणारी ही माणसे. अशा वेळी कोणीही विचारील, की हा निरोप पहिल्यांदा ज्याने लिहिला तो सापडायला नको काय? सरकारने फेब्रुवारी २०२१ च्या नियमांत नेमके हेच मागितले: पन्नास लाखांहून अधिक वापरणारे असलेल्या निरोप-कंपनीने कायदेशीर हुकूम आल्यास निरोपाचा मूळ लेखक दाखवून द्यावा. मे २०२१ मध्ये व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. तिचे म्हणणे असे, की एक लेखक शोधायचा तर प्रत्येक निरोपावर खूण ठेवावी लागेल, म्हणजे सर्वांचेच लखोटे फोडावे लागतील. कंपनीला गरिबाचा कळवळा आहे असे मला वाटत नाही, पण हा मुद्दा खरा आहे.

मला या प्रकरणात एक वेगळीच गोष्ट खटकते. अशी अफवा निनावी नसतेच. ती मामाने भाच्याला, शेजाऱ्याने शेजाऱ्याला, स्वतःच्या नंबरावरून पाठवलेली असते. ओळखीच्या माणसाकडून आली म्हणूनच ती खरी वाटते. आणि मारणाऱ्यांनी तोंडे झाकली होती असेही नाही. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक निरोप एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही अशी अडवणूक केली. एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असे केले. कोणाचेही नाव न विचारता वेग कमी झाला. आधीच हे करायला काय हरकत होती, हा प्रश्न उरतोच. स्त्रियांना येणाऱ्या घाणेरड्या धमक्यांचेही असेच. तक्रार घेऊन गेलेल्या बाईला चौकीत किती हेलपाटे घालावे लागतात ते मी पाहिले आहे. तिथे अडते ते माणूस सापडत नाही म्हणून नव्हे. शोधायला कोणी उठत नाही म्हणून.

आणि नाव सांगून बोलणाऱ्याचे काय होते तेही पाहावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली. ती का व्हावी, असे पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर स्वतःच्या नावाने लिहिले, दुसरीने त्याला पसंती दर्शवली. दोघींनाही अटक झाली. ज्या ६६-अ कलमाचा त्यात आधार घेतला होता, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरवले. तोवर त्या मुलींना जे भोगायचे ते भोगून झाले होते. खरे नाव लावा म्हणून उपदेश करणाऱ्यांनी ही हकीकत विसरू नये.

युनियनच्या माणसाला यादीचे भय का वाटते, ते आता सांगतो. इंग्लंडमध्ये ड्रॉइटविच नावाच्या गावात एका लहानशा कचेरीवर फेब्रुवारी २००९ मध्ये माहिती आयुक्तांच्या अधिकाऱ्यांनी छापा घातला. आत कार्डांची पेटी सापडली. ३,२१३ बांधकाम कामगारांची नावे. कोण युनियनमध्ये आहे, कोणी सुरक्षिततेची तक्रार केली, कोण गडबड करणारा, अशा नोंदी. चाळीसहून अधिक बांधकाम कंपन्या ही कचेरी पोसत होत्या. नवा माणूस घेण्याआधी त्याचे नाव विचारायचे. एका नावाच्या चौकशीला दोन पौंड वीस पेन्स. कामगाराला मात्र नुसते कळवायचे, की जागा नाही. कित्येक जण वर्षानुवर्षे आपल्यातच काही खोट असेल असे समजून घरी बसले. कचेरी चालवणाऱ्याला दंड झाला तो पाच हजार पौंड. मे २०१६ मध्ये मोठ्या कंपन्यांनी लंडनच्या उच्च न्यायालयात जाहीर माफी मागितली आणि भरपाई दिली. ती पेटी लाकडाची की पत्र्याची याला महत्त्व नाही. आज तशी पेटी करायला कचेरीही लागत नाही. माणसे काय लिहितात, कोणत्या गटात आहेत, हे गोळा करणारे यंत्र पुरते.

अमेरिकेत असे उलटेही घडले आहे. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संस्थेकडे अलाबामा राज्याने १९५६ साली सभासदांची यादी मागितली. संस्था उघड होती, पुढारी उघड होते. यादी मात्र त्यांनी दिली नाही. १९५८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. यादी उघडी पडली तर सभासदांच्या नोकऱ्या जातील, त्यांच्यावर हल्ले होतील, आणि मग संघटनेचे स्वातंत्र्य कागदावरच राहील, हे न्यायालयाने ओळखले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी, नऊ न्यायाधीशांनी मिळून, खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा एकमुखी निर्णय दिला. पुट्टस्वामी नावाचे कर्नाटकाचे एक निवृत्त न्यायाधीश त्यात अर्जदार होते, आणि वाद निघाला होता आधारवरून.

हक्क मिळाला, तो कोणाच्या कामी येतो हे पाहण्याचे काम उरले. २०१८ साली निवडणूक रोख्यांची योजना आली. लाखो-कोटी रुपये राजकीय पक्षांना देणाऱ्याचे नाव मतदाराला कळायचे नाही, ही तिची खुबी. दात्याच्या खाजगीपणाचे कारण सांगितले गेले. पण रोख्यावर साध्या डोळ्यांना न दिसणारा क्रमांक होता आणि दात्याची सर्व ओळख सरकारी बँकेपाशी होती. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती योजना रद्द केली आणि नावे बाहेर आली. २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या ८(१)(जे) कलमालाही हात घातला. वैयक्तिक माहिती नाकारताना सार्वजनिक कामाशी तिचा संबंध आहे की नाही हे तपासण्याची जी अट त्या कलमात होती, ती काढून टाकली. हजेरीपटावरची बोगस नावे शोधायला आम्ही ज्या कायद्याचा उपयोग केला, त्याच्या दारावर आता खाजगीपणाची पाटी लागू शकते. पाण्याचा नळ मागणाऱ्याला विचारतात, तुझे नाव काय; कोटीचा रोखा घेणाऱ्याला विचारले तर तो म्हणतो, हे माझे खाजगी आहे.

म्हणून कोणी निनावीपणाबद्दल मत विचारले, की मी उलट विचारतो: कोणाचे नाव, आणि कोणापासून? अब्रूचा खटला झाला, धमकी आली, तर न्यायाधीशाने कारणे नोंदवून पडदा उघडावा, याला माझी हरकत नाही. इंग्लंडात मतपत्रिकेवर क्रमांक असतो व तो न्यायालयाच्या हुकमावाचून कोणी पडताळत नाही, तसे ते असावे. पडदा उघडण्याची किल्ली मुकादमाच्या खिशात नसावी, मंत्र्याच्याही नसावी. कंपनीने मुळात गरजेपेक्षा अधिक नावे गोळाच करू नयेत, हे तर त्याहूनही बरे. जे कोठारात नाही ते फुटत नाही.

गेल्या वर्षी एका कारखान्यात हजेरीचे कार्ड जाऊन फोनवरची हजेरी आली. कामगाराने रोज स्वतःचा फोटो काढायचा आणि फोनला आपण कोठे आहोत ते सांगू द्यायचे. आम्ही लेखी तीन प्रश्न विचारले. ही माहिती कोण कोण पाहणार? ती किती दिवस ठेवणार? पाळी सुटल्यावर फोन कोठे फिरतो तेही पाहिले जाते काय? पहिल्याला उत्तर आले, पर्सोनेल खाते. दुसऱ्याला आले, नियमाप्रमाणे. तिसऱ्याचे उत्तर अद्याप आलेले नाही. पत्रावर सही कोणाची, असे तेवढे फोनवर विचारले होते. सही युनियनची होती. सध्या पाळी सुटली, की फाटकाबाहेर पन्नाससाठ माणसे रांगेने थांबतात, फोनमधले ते बटण बंद करतात आणि मग सायकली काढतात.